नाणी तोलून इतिहास वाचणारा माणूस

तुमच्या घरात माळ्यावर, नाहीतर देवघराच्या फळीवर, एखादा जुना पत्र्याचा डबा असेलच. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या जुन्या घरांत तो हटकून सापडतो. आत एखादी शिवराई, ढब्बू पैसा, भोकाचा पैसा आणि नशीब चांगलं असेल तर चारदोन राणीछाप चांदीचे रुपये. लक्ष्मीपूजनाला ते बाहेर येतात, ताटात मांडले जातात आणि पुन्हा डब्यात जातात. आपण त्यांच्याकडे बघतो ते किंमत किती येईल म्हणून.

असे दोन रुपये घेऊन एकदा सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. टांकसाळीतून बाहेर पडताना दोघांचंही वजन ठरलेलं, ११.६६ ग्रॅम. पण काट्यावर ते सारखं भरणार नाही. दोन्ही थोडे हलके झालेले असतील आणि दोघांमध्येही फरक असेल. हा फरक आपण सोडून देतो. झिजलं असेल, म्हणतो आणि विषय संपतो.

एका माणसाने तो सोडला नाही. हजारो नाणी एकेक करून तोलली, वजनं लिहून काढली आणि त्या आकड्यांतून अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा माग काढला. तो माणूस आपल्या शेजारचाच. तेरेखोल ओलांडलं की जो मुलूख लागतो, त्या गोव्यातला. त्याचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

गोव्यातून हार्वर्डला

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७चा. वडील धर्मानंद कोसंबी मूळचे साखवाळचे. बुद्धाच्या शिकवणीच्या ओढीने त्यांनी तरुणपणी घर सोडलं, पुढे ते पाली भाषेचे आणि बौद्ध ग्रंथांचे मोठे अभ्यासक झाले. पाली ग्रंथाच्या कामासाठी ते अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जात. १९१८मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरलाही सोबत नेलं. शाळेचा बराचसा काळ या मुलाने तिकडेच काढला आणि १९२९मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवली. विषय गणित, पण भाषांचा नाद तेव्हापासूनचा. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन हे सगळं त्याने पचवलं होतं.

तुमच्यापैकी कितीजण शिकून बाहेर जायचं आणि तिकडेच राहायचं ठरवून बसलेत, माहीत नाही. कोसंबी परत आले. आधी बनारस हिंदू विद्यापीठात शिकवलं. मग आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने त्यांना अलीगढला बोलावलं. वेल पुढे जगातल्या पहिल्या फळीतल्या गणितज्ञांमध्ये गणले गेले. अलीगढचा मुक्काम थोडाच टिकला आणि कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. पुढची बाराएक वर्षं ते तिथे गणित शिकवत होते. १९३४मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. जवळची माणसं त्यांना बाबा म्हणायची.

इथपर्यंतची गोष्ट हुशार प्राध्यापकाची. ती पुढे वळण घेते ती आकडेशास्त्रामुळे. संख्याशास्त्र हा विषय कोसंबींनी स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतला. सरावासाठी त्यांनी काय घेतलं असेल? विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण! तुमच्या निकालाच्या यादीकडेही कुणीतरी असं बघू शकतं, हे ध्यानात असू द्या. त्यानंतर त्यांना अशी सामग्री हवी होती, जिथे मोजणी पक्की असेल आणि उत्तर कुणालाच माहीत नसेल. ती मिळाली नाण्यांत.

नाव नाही, साल नाही

भारतातली सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीचा पत्रा कापून तुकडे करायचे, वजन जुळवायला कोपरे छाटायचे आणि वर ठसे मारायचे. पुढच्या बाजूला साधारण पाच ठसे असतात: सूर्य, हत्ती, टेकडी, चक्र अशी चिन्हं. या चांदीच्या नाण्याला कार्षापण म्हणत. वजन साधारण ३२ गुंजांचं, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर. गुंजा तुम्ही पाहिल्या असतील. आपल्याकडे कुंपणावर वेल असते, लाल बी, वर काळा ठिपका. सोनार पूर्वी त्यावर सोनं तोलायचे.

अडचण अशी की या नाण्यांवर राजाचं नाव नाही आणि सालही नाही. मग कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं? अभ्यासक ठशांकडे बघून तर्क लढवत होते. कोसंबी म्हणजे गणिताचा माणूस. त्यांनी ठरवलं, नाणी तोलून बघू.

विचार साधा होता. नाणं हातातून हातात जातं, थैलीत घासतं, दगडावर आपटतं. दर वेळी त्याची कणभर चांदी जाते. एका व्यवहारात काहीच कळत नाही, पण शंभर वर्षांत काट्याला कळतं. म्हणजे एकाच प्रकारच्या नाण्यांची सरासरी काळाबरोबर हळूहळू खाली येणार.

पण आणखी एक गोष्ट होणार, आणि खरी गंमत तिच्यात आहे. सगळी नाणी सारखी फिरत नाहीत. एखादं सावकाराच्या पेटीत पडून राहतं, दुसरं बाजारातून बाजारात भटकतं. टांकसाळीतून जुळ्यांसारखी निघालेली नाणी वर्षं सरतील तशी वजनाने एकमेकांपासून लांब जातात. म्हणजे सरासरी खाली येते आणि त्याच वेळी आकड्यांचा पसाराही वाढतो.

हे खरं की नुसती कल्पना? त्यासाठी कोसंबींनी आधी चालू जमान्यातली नाणी तोलली. ब्रिटिश अमलातल्या नाण्यांवर साल छापलेलं असतं, त्यामुळे वय माहीत. जुनी नाणी हलकी भरली आणि त्यांची वजनं जास्त विखुरलेली निघाली. १९४०च्या आसपास याविषयीचे त्यांचे निबंध एकामागून एक प्रसिद्ध झाले. आधी उत्तर माहीत असलेल्या ठिकाणी पद्धत तपासायची आणि मगच ती अंधारात न्यायची. प्रोजेक्ट करताना आपण नेमकी हीच पायरी गाळतो, नाही का?

पसारा मोजायचा कसा?

इथे जरा थांबू आणि हातात वही घेऊ. समजा, तुमच्याकडे दोन डबे आहेत. प्रत्येकात अकरा रुपये. वजनं हलक्यापासून जडाकडे ओळीने मांडली.

पहिला डबा, ग्रॅममध्ये: ११.५८, ११.५९, ११.६०, ११.६१, ११.६१, ११.६२, ११.६२, ११.६३, ११.६३, ११.६४, ११.६५.

दुसरा डबा: १०.४०, ११.२५, ११.३१, ११.३६, ११.४०, ११.४४, ११.४७, ११.५०, ११.५२, ११.५५, ११.५८.

ओळीतला मधला, म्हणजे सहावा आकडा हा मध्यक. पहिल्या डब्यात तो ११.६२, दुसऱ्यात ११.४४. आता मध्यकाच्या अलीकडे पाच नाणी उरली, पलीकडे पाच. त्या पाचांतलं मधलं नाणं धरा. ओळीत ते तिसरं आणि नववं येतं. हे झाले पहिले आणि तिसरे चतुर्थक, ज्यांना वर्गात क्वार्टाइल म्हणतात. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की मधल्या साधारण निम्म्या नाण्यांनी किती जागा व्यापली ते कळतं. पहिल्या डब्यात ११.६३ वजा ११.६०, म्हणजे ०.०३ ग्रॅम. दुसऱ्यात ११.५२ वजा ११.३१, म्हणजे ०.२१. पसारा सात पट!

आता दुसऱ्या डब्यातलं ते १०.४०चं नाणं बघा. कुणीतरी कडेने चांदी कातरून घेतलेली दिसते. सर्वांत जड वजा सर्वांत हलकं असा विस्तार काढला तर १.१८ ग्रॅम येतो, तो या एका लबाडीमुळे. समजा, ते नाणं कातरलेलं नसतं आणि ११.२० भरलं असतं, तर विस्तार एकदम ०.३८वर आला असता. सरासरीही ११.३४वरून ११.४२वर चढली असती. चतुर्थकं मात्र जागची हलली नसती. एखाद्या टोकाच्या आकड्याने ती बिथरत नाहीत, हाच त्यांचा मोठा गुण. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने माणसांची उंची, ताकद असलं काय काय मोजताना चतुर्थकांचा भरपूर वापर केला आणि ती रूढ झाली.

कोसंबींनी पसारा मोजायला वापरलं ते विचरण, म्हणजे प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे त्याच्या वर्गांची सरासरी. हे माप चतुर्थकांचंच भावंड. हिशेब वेगळा, प्रश्न तोच: आकडे एकमेकांना धरून आहेत की विखुरलेत? चतुर्थकं काढायला वही-पेन्सिल पुरते, म्हणून आपण तिथून सुरुवात केली.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आजीने दर दिवाळीला चिंच लावून रुपये लखलखीत घासले असतील, तर तुमच्या डब्यातली झीज बाजाराची नाही, आजीची आहे. आकडा कुठून आला हे आधी विचारायचं, मग त्याचं गणित करायचं.

तक्षशिलेचे दोन साठे

आता कोसंबींकडे परत. तक्षशिलेच्या उत्खननात आहत नाण्यांचे साठे सापडले होते. १९२४मध्ये मिळालेल्या मोठ्या साठ्यात हजाराहून अधिक नाणी होती आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडरची जवळजवळ कोरी नाणी. म्हणजे तो साठा अलेक्झांडरच्या स्वारीनंतर थोड्याच काळात जमिनीत गेलेला, साधारणपणे मौर्यांच्या आधीच्या चलनाचा. दुसरा साठा लहान आणि नंतरचा, मौर्य काळातला.

पहिल्या साठ्यात कोसंबींना एक सुंदर गोष्ट दिसली. नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक ठसे होते. कुठे एक, कुठे चार, कुठे त्याहून जास्त. ते का मारले असतील याबद्दल नुसते तर्क होते. कोसंबींनी नाणी ठशांच्या संख्येप्रमाणे गटांत लावली आणि प्रत्येक गटाची सरासरी काढली. ठसे जितके जास्त, तितकं वजन कमी. याचा अर्थ त्यांनी असा लावला की हे ठसे टांकसाळीतले नाहीत. सराफ-व्यापारी अधूनमधून नाणं तपासत आणि खरं असल्याची खूण म्हणून एक ठसा मारत. तर मग मागचे ठसे म्हणजे नाण्याचं वय. अडीच हजार वर्षं डोळ्यांसमोर असलेली खूण तराजूमुळे वाचता आली.

आता दोन्ही साठे शेजारी ठेवू. नंतरच्या मौर्य नाण्यांचं सरासरी वजन जवळपास आधीच्या नाण्यांइतकंच. नुसत्या सरासरीवर जाणाऱ्याने इथे वही मिटली असती: काही बदललं नाही, पुढे चला. पण पसारा बदलला होता. आधीची नाणी नेटकी, काटेकोर तोललेली. मौर्यांची घाईत पाडलेली, एक जड तर एक हलकं, आणि चांदीत तांब्याची भेसळही वाढलेली.

झिजेत सरासरी आणि पसारा दोन्ही एकदम बदलतात. इथे सरासरी जागेवर आणि पसारा तेवढा वाढलेला. म्हणजे दोष बाजाराच्या हातांचा नव्हता, तो टांकसाळीतच झाला होता. कोसंबींनी त्यातून निष्कर्ष काढला की राज्याला पैसा भराभर हवा होता, चांदी पुरत नव्हती आणि एवढं मोठं साम्राज्य आर्थिक ताणाखाली होतं. कुठल्याही शिलालेखावर कुठला राजा असलं काही कोरून ठेवणार नाही. त्याची टांकसाळ मात्र वजनांच्या पसाऱ्यात ते लिहून गेली होती.

कोसंबींनी नाण्यांचे गट ठरावीक राजांना जोडले, ते सगळेच नाणेतज्ज्ञांनी मान्य केले असं नाही. त्यावर वाद झाले. पण नाण्याकडे फक्त चित्र म्हणून न बघता मोजता येणारी वस्तू म्हणून बघायची वाट त्यांनी पाडली.

नाण्यामागून माणसांकडे

तिथून त्यांना थांबता आलं नाही. नाणी पाडली कुणी, हे कळायला जुने ग्रंथ वाचायला हवेत. मग संस्कृत. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखितं ताडून त्यांनी १९४८मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. ग्रंथांत सगळं मिळेना, तेव्हा काठी घेऊन पुण्याभोवतीचे डोंगर पायाखाली घातले. दगडी हत्यारं वेचली, कार्ल्याची लेणी धुंडाळली, धनगरांशी आणि गावदेवतांच्या पुजाऱ्यांशी बोलले. १९५६मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि इतिहास म्हणजे राजांची यादी, ही समजूत त्याने हलवली. शेत कुणी कसलं, धान्य कुणी नेलं, हे प्रश्न मध्यभागी आले.

नोकरी मात्र गणिताचीच. १९४५पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. घर पुण्याला, म्हणून डेक्कन क्वीनने जाऊन-येऊन. त्याच दशकात त्यांनी आनुवंशिकीत एक सूत्र मांडलं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे काढायला ते आजही वापरतात. तुम्ही कृषी किंवा जैवतंत्रज्ञानाला असाल, तर संगणकाच्या पडद्यावर कोसंबी हे नाव कधीतरी समोर येईल. तेव्हा ओळख दाखवा!

सगळं छान झालं असंही नाही. स्वभाव तिखट, जीभ फटकळ, आणि चूक मान्य करायला जड जायचं. १९५०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी रीमानच्या गृहीतकाला, म्हणजे गणितातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एकाला, संभाव्यतेच्या अंगाने हात घातला आणि तो शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी तो मानला नाही आणि त्यांच्या नावाला धक्का बसला. १९६२मध्ये संस्थेतली नोकरी संपली. काम थांबलं नाही. १९६५मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. २९ जून १९६६ला पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय ५८. २००८मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आता तुमच्या किनाऱ्यावर

आज कोसंबींचं काय घ्यायचं? आपल्याच किनाऱ्यावरचं बघू. समजा, रापणीत एका माणसाच्या वाट्याला अकरा दिवसांत आलेले रुपये असे: ०, ०, ५०, १००, १५०, २००, २००, २५०, ३००, ४०० आणि एक दिवस जाळं भरून आलं तेव्हा ६,०५०. सरासरी काढा, रोजचे ७०० येतील. कागदावर बरं दिसतं. त्यावर कुणी कर्जाचा हप्ता ठरवला, नाहीतर याला मदतीची गरज नाही असा शेरा मारला, तर तो माणूस बुडेल. कारण मध्यक आहे २००. पहिलं चतुर्थक ५० आणि तिसरं ३००. अकरांपैकी दहा दिवस तो सातशेच्या खालीच आहे. सातशे रुपयांचा दिवस त्याने पाहिलेलाच नाही.

तुम्हीच उद्या बँकेत, पंचायत समितीत, मत्स्य खात्यात किंवा शाळेत बसणार आहात. तुमच्या टेबलावर असे सरासरीचे आकडे रोज येतील. कॉलेज निवडताना सरासरी पॅकेजचा मोठा आकडा तर आत्ताच जाहिरातींत दिसतो. तिथे मध्यक विचारा, दोन्ही चतुर्थकं विचारा. उत्तर मिळालं नाही, तर सगळ्यांचे आकडे मागा आणि स्वतः ओळीने मांडा. हे काम दहा मिनिटांचं आहे.

आणि या दिवाळीत डबा खाली काढलात की रुपये ताटात मांडण्याआधी एकदा तोला. वर्ष लिहा, वजन लिहा. अकरा नसतील तर शेजारच्या काकूंकडचे मागून घ्या, परत देण्याच्या बोलीवर. वजनं चढत्या क्रमाने लावा आणि तिसरं, सहावं, नववं नाणं बाजूला काढा. नंतर रुपये पुन्हा देवापुढे ठेवा. फक्त या वेळी आजीला सांगा, चिंच नको म्हणून.